डोंगरावरची माकलं

"एकशे चार नंबर, पाचवा चौकोन," माकलं म्हणजे स्क्विड धरणाऱ्या होडीचा तो तरुण तांडेल छातीठोकपणे म्हणाला.

सोदामने टॅबलेटवर आकडा टाकला आणि तिला हसू आवरेना. "म्हणजे ही माकलं तुम्ही सोराक डोंगरावर धरलीत. देवळाच्या जरा वरच्या अंगाला."

धक्क्यावर हशा पिकला. तांडेल कानापर्यंत लाल झाला. ग्वांगिल त्याचं नाव. "डोंगरावरची चवीला बरी असतात," तो म्हणाला. "खाऊन तर बघा..."

मत्स्य केंद्राने सोदामला पुसानहून हेमजिन बंदरात पाठवलं होतं ते याच कामासाठी. नकाशावर सगळा समुद्र चौकोनांत कापलेला, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाच्या पोटात नऊ छोटे चौकोन. कुणी कुठे किती माकलं धरली, एवढंच विचारायचं. पण हेमजिनचे तांडेल आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नसत, तिथे हिला कोण विचारतो? सगळे बिनदिक्कत थापा मारत. माकलं डोंगरावर नेऊन ठेवणारा मात्र हा एकच.

ग्वांगिल रोज सकाळी मशीनची कॉफी घेऊन येई, आणि एक नवी थाप.

"आज पाण्यातच होतो, शपथ!"

"हा चौकोन कोमट पाण्याचा, आणि तुमची माकलं थंड पाण्यातली. तुमच्यापेक्षा तीच खरं बोलतात."

"नमकहराम कुठली!"

एकदा त्याच्या होडीला उशीर झाला. सोदामचं कामात लक्ष लागेना. नजर सारखी बंधाऱ्याकडे. होडी दिसली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

मग पुसानहून फोन आला. आकडे निरुपयोगी आहेत, महिनाअखेर हेमजिनचं काम बंद, परत या. माशाचं सूप पिताना तिने ग्वांगिलला ते सरळ सांगून टाकलं. सांगताना आवाज मात्र सरळ राहिला नाही.

तो चमच्याने सूप ढवळत राहिला. "आणि खरे मिळाले तर?"

"एका होडीचे जरी खरे मिळाले, तरी बाकीच्यांच्या थापा पकडता येतील. मग राहीन मी."

"आणि माझी जागा नकाशावर छापाल. सगळं बंदर तिथे जाऊन बसेल."

"नाही. चौकोनात तीनपेक्षा कमी होड्या असल्या की आम्ही तो झाकून ठेवतो. नियमच आहे तसा."

तो सूप तसंच टाकून उठून गेला. सोदामने बॅग भरायला काढली.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी तो आला, तेव्हा हातात कॉफी नव्हती. त्याने टॅबलेट ओढून घेतला आणि एका छोट्या चौकोनावर ओलं बोट टेकवलं. "इथे. बाबांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही."

तिने पाण्याचं तापमान पाहिलं. थंडगार. अगदी खरं.

"मग मला का सांगितलंत?"

"तू गेलीस तर मी थापा कुणाला मारू?" तो खाली बघत म्हणाला. "आवडतेस तू मला, सोदाम... आता हेही छापणार का?"

"किती जण आहेत त्या चौकोनात?"

"मी... आणि तू असलीस तर, दोघं."

"आहे मी," ती म्हणाली. "दोघंच ना? मग नियमाप्रमाणे झाकून ठेवावं लागेल."

आणि सगळ्या धक्क्यादेखत तिने त्याचा हात धरला.