नमुना मृत असावा

वाळलेलं लिव्हरवर्ट पुन्हा पाहायचं असेल तर गरम पाण्याचा एक थेंब पुरतो. अर्ध्या मिनिटात ते उलगडतं आणि जिवंत असल्यासारखं दिसतं. दिसतं, एवढंच. वनस्पतींच्या संग्रहालयात चित्रं काढण्याची नोकरी मी छत्तीस वर्षं केली, त्यामुळे हा खेळ मला नवा नव्हता. लिव्हरवर्ट म्हणजे शेवाळाची चुलत बहीण समजा. फूल नाही, बी नाही. ओल्या खडकाला चिकटलेल्या बारीक चपट्या पानांच्या माळा.

ही वाळक्या लिव्हरवर्टची कागदी पुडी माझ्या बायकोने आणली होती. ती शास्त्रज्ञ, मी चित्रकार. बोटीने नऊ दिवस लागतात अशा बेटांवर, एका ओढ्याकाठी तिला ही वनस्पती सापडली. जगात कुणी नोंदवलेली नव्हती. परत आल्यावर तिने वर्णन लिहायला घेतलं. चार पानं झाली आणि ती आजारी पडली. गेल्या वर्षी गेली.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"दुसऱ्या संस्थेची माणसं त्याच बेटांवर निघाली आहेत. त्यांनी आधी छापलं तर नाव ते ठेवतील. महिनाअखेर तू चित्रं पुरी कर. आपण तिचं नाव देऊ." मग उगाच हसवायला म्हणाले, "तुझी बायको अख्खं जंगल चाटून आली होती रे."

ते खरं होतं. पाणी हाताशी नसलं की ती वाळका तुकडा जिभेवर ओला करून भिंगाखाली धरायची. मी ओरडायचो. ती म्हणायची, "तुझ्या हातच्या चहापेक्षा बरं लागतं."

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ताईचं नाव लागणार ना? नक्की?"

"लागेल."

"मूलबाळ नाही, घर भाड्याचं. तिचं म्हणून एवढंच राहील हो."

दुसऱ्या दिवशी मी पुडी उघडली, एक माळ काचेवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशींमध्ये तेलाचे थेंब होते. गोल, चमकणारे, प्रत्येक पेशीत सात-आठ.

हे थेंब ताज्या वनस्पतीतच दिसतात. वाळल्यावर काही महिन्यांत नाहीसे होतात. पुडीवर तिच्या हातची तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"ताजी कुठून आणलीस?"

"त्याच पुडीतली आहे."

त्यांनी पुडी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. कागद आतून ओलसर होता.

आता नियम असा आहे. नवी जात जाहीर करताना तिचा एक नमुना कायमचा ठेवावा लागतो आणि तो मृत असावा लागतो. जे वाढतं ते बदलतं. त्याला नाव बांधता येत नाही. आमच्याकडे त्यासाठी एक कागद होता. "नमुना पूर्ण वाळलेला व मृत आहे." खाली तपासणाऱ्याची सही. तसली एक सही मी दवाखान्यात करून आलो होतो. दुसरी करायची मला घाई नव्हती.

पुडी चाळीस अंशांवर दोन दिवस ओव्हनमध्ये ठेवली. बाहेर काढली तेव्हा माळा हिरव्या होत्या.

साठ अंशांवर तीन दिवस ठेवली. माळा हिरव्याच. माझ्या चित्राशी ताडून पाहिल्या तर दोन मिलिमीटर लांब भरल्या. चित्र चुकलं असेल म्हणून खोडून पुन्हा काढलं. दुपारी पुन्हा मोजलं. पुन्हा खोडलं. इतका थकलो होतो की घाबरायलाही जमेना.

"साहेब, राहू द्या हे," मी म्हटलं.

"मग नाव?"

मी पुडीची घडी घालू लागलो.

"हे बघ, मलाही हे बरं वाटत नाही. पण ती माणसं बेटांवर पोचली असतील. एकशे पाच अंशांवर ठेव. आणि सगळं ठेव. काचेवरची माळसुद्धा. काही मागे ठेवू नकोस."

सतरा तारीख, गुरुवार. सकाळी दहाला ओव्हनचं दार लावलं आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. आतून काही आवाज आला नाही. वासही नाही. काचेच्या दारावर आतून वाफ धरली, मग गेली, मग पुन्हा धरली.

तीनदा.

मग धरली नाही.

तीन वाजता पुडी काढली. माळा तपकिरी झाल्या होत्या. एक टोक चिमटीत घेतलं तर भुगा झाला. सूक्ष्मदर्शकात एकही थेंब नव्हता.

मी सही केली.

घरी जाऊन कपडे न बदलता झोपलो.

वर्णन छापून आलं. तिच्या नावाने जात झाली. मेहुणीने ते पान चौकटीत लावलं. "ताई आता कुठे जात नाही," ती म्हणाली आणि रडली. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

चार महिन्यांनी दुसऱ्या संस्थेच्या बाईंचं पत्र आलं. सरळ बाई असाव्यात. आधी अभिनंदन होतं. मग त्यांनी लिहिलं होतं:

"तुमच्या पत्नींनी पूर्वी पत्रातून दिलेल्या खुणेवरून आम्हाला तो ओढा सापडला. दोन्ही काठ हिरवेगार होते. नमुने शेवटच्या दिवशी घेऊ असं ठरवून आम्ही तिथेच तंबू ठोकला. सतरा तारखेला, गुरुवारी, सगळी वनस्पती एका दिवसात तपकिरी झाली. पुढचे आठ दिवस आम्ही सगळी बेटं फिरलो. कुठेही जिवंत माळ उरलेली नाही. कारण कळलं नाही. तुम्हाला काही माहीत असल्यास कृपया कळवा. ओढ्याला भरपूर पाणी होतं आणि ते बर्फासारखं थंड होतं. तरीही माझ्या सहकारी बाईंनी त्या दिवशी पाण्याखालच्या त्या माळांना हात लावताच त्यांच्या बोटांना फोड आले."