पूल उडालाच नाही

छापखान्यातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘पटत-नाही बाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम धरलं होतं. तिथला प्रकाशक ‘असं झालं असतं तर’ या धाटणीच्या कादंबऱ्या काढायचा. अमका राजा लढाईत पडलाच नसता तर, तमका तह मोडलाच नसता तर. त्यातलं कितपत पटण्यासारखं आहे, ते आधी बाईंनी वाचून सांगायचं.

एका लेखकानं घोडदळाला शंभर वर्षं आधीच मोटारी देऊन लढाई जिंकून दिली होती. बाईंनी समासात लिहिलं, ‘मोटारी आल्या, ठीक. पेट्रोल काय घोड्यांनी आणलं?’ प्रकाशक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

“पण ताई, लोकांना मजा हवी असते हो.”

“मग करू द्या की मजा. लेखकानं एकच गोष्ट बदलावी, एवढंच माझं म्हणणं. बाकी जे बदलेल ते तिच्यापायी बदलावं. अधूनमधून देव होऊन मदतीला धावायचं नाही.”

तर एके दिवशी प्रकाशकानं दोरीनं बांधलेलं एक जाड बाड त्यांच्यापुढे सरकवलं. “फोन नाही, नुसता पत्ता आहे. नदीपलीकडचा कुणी म्हातारा दिसतो. पुलाची गोष्ट आहे. बघा काय म्हणताय.”

पुलाची गोष्ट त्या शहरात कुणाला सांगावी लागत नसे. युद्धात शत्रू पलीकडच्या काठाला येऊन भिडला तेव्हा आपल्याच फौजेनं मोठा पूल सुरुंगानं उडवून दिला. शत्रू तिकडेच अडकला, शहर वाचलं. पण पलीकडची कितीतरी माणसं मागे राहिली. ती मिळेल त्या होडीनं अलीकडे यायला निघाली आणि त्यातल्या काही होड्या उलटल्या. पुढे खालच्या अंगाला नवा पूल झाला. जुन्याचे खांब मात्र पाण्यात तसेच उभे होते, डोक्यावर काहीच नसलेले.

या कादंबरीत पूल उडालाच नव्हता.

सुरुंगाची वात पेटवणाऱ्या अधिकाऱ्याला पुलावर अजून पोरंबाळं दिसतात आणि त्याचा हात उचलला जात नाही. बस, एवढीच एक गोष्ट बदललेली. बाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या, पण पेन्सिल कागदाला लागेना. माणसं चालत अलीकडे येतात. त्यांच्या मागोमाग शत्रूही येतो. शहर पडतं. भाकरी महाग होते. कर्त्या पुरुषांना छावण्यांत नेतात आणि तिथून एकही परत येत नाही. एकातून एक, सगळं कसं सरळ उलगडत गेलेलं. इतकं चोख काम बाईंच्या हाती कधी आलं नव्हतं.

आणि मग ते पान आलं. पुलावरून एक लहान मुलगा आईचा हात धरून चाललाय. आईचं शिलाई मशीन घरीच ठेवावं लागलंय. मुलगा हटून बसला म्हणून तिनं मशीनची लाकडी मूठ काढून त्याच्या हातात दिलीय. पूल ओलांडेपर्यंत तो ती सोडत नाही.

बाईंनी बाड मिटलं. उठून खिडकी लावली. परत उघडली.

बाईंना एक दादा होता. त्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं, तो त्यांच्या जन्माआधीच गेला. होडी उलटली त्यात गेला. तो सापडला तेव्हा त्याच्या मुठीत मशीनची ती लाकडी मूठ होती. आईनं हे उभ्या आयुष्यात एकदाच सांगितलं, बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या तेव्हा. आणि सांगून झाल्यावर म्हणाली, “तो गेला म्हणून तू आलीस गं. नाहीतर दुसरं मूल आम्हाला झेपणारं नव्हतं.” बाबा तर हे न बोलताच गेले. आईलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मग या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं?

पुढची पानं त्यांनी घरभर फिरत वाचली. ओट्याशी उभं राहून, मग जिन्यात, मग पलंगाच्या कडेवर. शेवटच्या प्रकरणात मुलाचे वडील छावणीतून निसटून एका हिवाळ्यापुरते घरी येतात आणि त्याला धाकटी बहीण होते. इथे मात्र पेन्सिल सवयीनं चालली. ‘छावणीतून कुणीच परतलं नाही असं आपणच आधी लिहिलंय. मग बाप आला कसा? ही मुलगी पटत नाही.’ आणि सगळ्या प्रकरणावर त्यांनी आडवी रेघ ओढली.

तरी जीव थाऱ्यावर येईना. यजमान म्हणाले, “काय चाललंय तुझं? भाजीत मीठ नाही, चहात मीठ आहे. अगं, जाऊन विचार ना त्या माणसाला. त्या होडीतलं कुणी वाचलं असेल, त्यानं सांगितलं असेल.”

हे पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून बाई बसनं निघाल्या, बाड पिशवीत घालून. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. वारा नुसता येरझारा घालत होता. नव्या पुलावरून जाताना त्यांनी नदीकडे पाहिलं नाही. आई त्या काठाला पुन्हा कधी गेली नव्हती, त्यामुळे बाईंनाही तिकडच्या गल्ल्या परक्याच होत्या. तरीही विचारावं न लागता पाय बरोबर वळत गेले, याचं नवल त्यांना नंतर वाटलं.

अरुंद दगडी जिना. वर चढावं तसा वास येऊ लागला. आधी मशीनच्या तेलाचा. मग ओल्या कापडावर फिरवलेल्या गरम इस्त्रीचा. बाई मध्येच थांबल्या. कुठल्याशा दाराआड शिलाई मशीन चालत होतं. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं कापड सरकवणारं माणूस होतं.

दार एका वृद्ध गृहस्थानं उघडलं. बाई त्याच्या कपाळाकडे बघत राहिल्या. बाबांचं कपाळ असंच होतं, मधोमध दबलेलं.

“प्रेसकडून आलात ना? या, बसा. हळू बोलू या हं… आत आईचं काम चाललंय. या वयातही ऐकत नाही.”

बाई बसल्या. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि त्याच्यामागे ते चाक फिरत होतं.

“एकच विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. “ती मशीनची मूठ… ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

म्हातारा हसला. “सांगायचं कुणी? मीच नेली होती की. पुढे घरी परत आलो तेव्हा आईनं पुन्हा मशीनला बसवली, अजून तीच आहे. आता पार गुळगुळीत झालीय.”

“आणि पूल?”

“पुलाचं काय?”

“पूल तर… उडवला होता ना.”

त्यानं बाईंकडे असं पाहिलं, जसं आपण जरा डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे पाहतो. वाईट वाटून, मायेनं. “बाई, मी काही लेखक नाही. जसं झालं तसं लिहिलं. यात बनवलेलं म्हणाल तर एकच आहे, ते शेवटचं प्रकरण. बाबा काही परत आले नाहीत. आले असते तर… मला लहानपणापासून एक बहीण हवी होती. आईजवळ हट्ट करायचो. ती म्हणायची, कुठून आणू रे. म्हणून म्हातारपणी कागदावर आणली.” तो थोडा पुढे वाकला. “तेवढंच तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही फार कडक आहात म्हणतात. खरं सांगा… ती मुलगी पटते का?”

पिशवीतल्या बाडावर बाईंचा हात होता. आतली ती लाल रेघ त्यांना बोटांखाली जाणवत होती, एखाद्या वळासारखी. त्यांच्या मनात आलं, याचं वाक्य न् वाक्य खरं आहे. पूल राहिला, दादा जगला, बाबा छावणीत गेले. एकातून एक. यात कुठेच चूक नाही. चूक फक्त इथे या खुर्चीत बसलेली आहे.

“राहू द्या ते प्रकरण,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“पण पटतं का?”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खोटं बोलायचं होतं. अगदी मनापासून बोलायचं होतं. त्यांनी पिशवीतून बाड काढून मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही.

“नाही ना पटत,” म्हातारा हळूच म्हणाला. तो रागावला नव्हता. “मलाही कधी पटलं नाही. आज बसून काढूनच टाकतो.” आणि त्यानं बाड घ्यायला हात पुढे केला.

“नको… दादा, नको.”

पडद्यामागचं मशीन थांबलं.

“कोण आलंय रे?” आतून आवाज आला. वयानं थकलेला, खरखरीत, पण तोच. तापात कपाळावर हात ठेवून हाक मारणारा.

“प्रेसच्या बाई आहेत, आई.”

“थांबव तिला. आवाज ओळखीचा वाटतोय…”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग जमिनीवर घासत येणारी पावलं. पडद्याच्या कडेला चार बोटं दिसली, एकावर शिवताना घालायचं अंगुस्तान चढवलेलं. ते अंगुस्तान बाईंनी, आईला चितेवर ठेवण्याआधी, स्वतःच्या हातानं तिच्या बोटातून काढलं होतं.

पुढचं त्यांना धड आठवत नाही. जिना उतरल्या ते भिंतीला धरून की नुसत्याच पळत, कुणास ठाऊक. बाड म्हाताऱ्याच्या हातातच राहिलं. रस्त्यात एक माणूस अंगावर आल्यासारखा सरळ येत राहिला, त्याला चुकवण्यासाठी बाईंनाच बाजूला उडी मारावी लागली. समोर बस उभी होती, त्या चढल्या आणि पुढच्या बाकावर अंग चोरून बसल्या. गाडी सुटल्यावर कुठे त्यांचा श्वास जागेवर आला. त्यांनी स्वतःला समजावलं. गल्लीतलं एखादं जुनं कुटुंब असेल. म्हातारी माणसं सगळी सारखीच दिसतात. सारखीच बोलतात.

कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढे आला. बाईंनी पैसे धरलेला हात वर केला, तो तसाच पुढे निघून गेला. मग परत वळून त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं.

“आजी, तुमचं तिकीट?”

“लेक काढेल,” मागून आवाज आला. “ती काय, पुढे बसलीय.”

कंडक्टरनं पुढच्या बाकावर नजर फिरवली आणि समजूतदारपणे मान हलवली. “असू दे, आजी. बसा.”

बाईंनी वळून पाहिलं नाही. मान वळवली तर काय होईल, याचा विचारसुद्धा त्यांनी केला नाही. आपला थांबा आला तशा त्या उतरल्या. मागून कुणीतरी दांडी धरून सावकाश उतरलं. बाई भरभर चालल्या, मग हळू चालल्या. मागची घासती पावलं तेवढ्याच अंतरावर येत राहिली. त्यात धमकावणी नव्हती. उलट दमलेलं माणूस घाईनं गाठू बघतं तशी ती होती, आणि तेच सहन होईना. इमारतीत शिरल्या. जिना चढल्या. आपल्या दाराची बेल त्यांनी दाबली, पुन्हा दाबली, आणि मग बोट काढलंच नाही.

आतून चपला ओढत यजमान आले. दार उघडलं. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर, तेच ते सकाळचे. बाईंना रडूच कोसळलं.

यजमानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“कोण हवंय, आजी?” ते म्हणाले. “आणि एवढे जिने चढून… एकट्याच आलात?”