चित्रात नको असलेला माणूस

खेडला जगबुडी नदीच्या काठी विनीतचं घर. आई गेल्यापासून तो तिथे एकटाच राहायचा. शब्दांत सांगितलेलं चित्र तयार करून देणाऱ्या एका एआय अ‍ॅपच्या तक्रारी तो घरबसल्या सोडवायचा. हाताला सहा बोटं आली, चेहरा वितळल्यासारखा दिसतो, पाटीवरची अक्षरं लागत नाहीत. लोकांचं रडगाणं तेच आणि त्याची उत्तरंही तीच. सगळं बोलणं टाइप करून. दिवसच्या दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. शेजारच्या गोदूबाई अधूनमधून डोकावत, तेवढीच काय ती माणसाची चाहूल.

त्या दुपारी देवरूखहून वेदिका नावाच्या एकीची तक्रार आली. ती पाहुण्यांना खोली भाड्याने द्यायची. जाहिरातीसाठी तिला रिकाम्या खोलीचं चित्र हवं होतं.

'रिकामी खोली लिहिलं तरी एक माणूस येतोच, सर. पाठमोरा.'

'नव्याने सुरू करून बघा, मॅडम. वाक्य छोटं ठेवा. शेवटी, माणूस नको, असं लिहा.'

'सगळं करून झालं. तोच येतो.'

तिने चित्र पाठवलं. विनीतने ते मोठं करून पाहिलं. गजांची खिडकी, पलीकडे नदी, टेबलावर लॅपटॉप, आणि त्यापुढे निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस. सगळं दारात उभं राहून पाहिल्यासारखं.

त्याने मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं. बाहेर अंगणात नुसतं ऊन.

'बिचाऱ्याच्या शर्टाची खांद्यावरची शिवण उसवलीय,' वेदिकाने लिहिलं.

विनीतने हात मागे आपल्या खांद्यावर नेला. उसवलेल्या शिवणीतून बोट कातडीला लागलं.

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. इतकं निरखून त्याच्याकडे कितीतरी दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.

'अजून काय दिसतं?' त्याने विचारलं.

'खूप दिवसांत कोणाशी बोलला नसावा, असं वाटतं.' मग लगेच, 'थांबा, दुसरं चित्र आलं. आता तो वळलाय. सर, तो माझ्याकडे बघतोय.'

'तो मी आहे,' विनीतने टाइप केलं. पाठवलं मात्र नाही. पुसून टाकलं.

'मला भीती वाटतेय. काढा ना त्याला.'

उपाय पाठ होता, तरी बोटं अडखळली.

'त्याच्यावरून खोडरबर फिरवा, मॅडम. कडा सोडू नका. मग पुसा हे बटण दाबा.'

मग तिचा निरोप आला.

'गेला. आता खोली छान रिकामी दिसते. थँक्यू, सर.'

विनीतने 'आभारी आहे' लिहिलं. पडद्यावर अक्षर उमटलं नाही. त्याने पुन्हा लिहिलं.

अंगणात चपला वाजल्या. गोदूबाई दारात आल्या.

"विनीत? हायस काय घरात?"

"आहे की," तो म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

गोदूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. ती त्याच्यावरून सरकत खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

"दार उघडं टाकून गेला कुठं हा," त्या पुटपुटल्या.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.