नखाएवढी खिडकी

“शिडीवर कोण आहे? आधी खाली उतरा!”

दालनाच्या दारातूनच ती कडाडली. शिडीवरचा तरुण दचकला. त्याच्या हातून निसटलेला पेचकस तिच्या पायाशी पडला. तिने तो उचलला, पण परत दिला नाही.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर ती जुनी चित्रे स्वच्छ करी. तो खालच्या दालनांतले दिवे बसवी. समोर गेल्या शतकातल्या एका चित्रकाराचा सूर्यास्त होता. मायदेश सोडून परक्या किनाऱ्यावर आयुष्य काढलेला तो माणूस! काळवंडलेल्या व्हार्निशखालून तिने कापसाच्या बोळ्यांनी त्याचे आकाश सोडवले होते : थंड, जांभळट, कडेला किंचित हिरवे. आणि खाली, किनाऱ्यावरच्या घराला, नखाएवढी पिवळी खिडकी. साऱ्या चित्रात पिवळा रंग तेवढाच. शिडीवरच्या या गृहस्थाने त्यावर पिवळा दिवा रोखला होता, आणि खिडकी त्यात बुडून गेली होती.

“सूर्यास्त कसा सोनेरी हवा...”

“तुमच्या हवं-नकोचा प्रश्नच कुठे येतो? त्याने पाहिला तसा दिसू दे!”

त्याने दिवा बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा पिवळा. ती पुन्हा खाली आली, पुन्हा भांडली. प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या संध्याकाळीही तेच!

“हा निव्वळ उद्दामपणा आहे. उद्या लोक येतील, आणि ती खिडकी कुणालाच दिसणार नाही.”

तो शिडीला टेकून उभा राहिला. कान लाल झाले होते.

“एरवी जिन्यात भेटलात तर मान वर करत नाही तुम्ही. दिवा पिवळा असला की मात्र... खाली येता.”

संतापाने तिचा स्वर चढला.

“आणि त्यासाठी त्या बिचाऱ्याचं घर बुडवलंत? बोलायचं होतं तर तोंड नव्हतं का?”

“तोंड होतं. धीर नव्हता.”

त्याने शिडी चढून दिवा बदलला. पांढरा उजेड पडला; आकाश थंडावले, आणि अंधारत्या किनाऱ्यावर ती खिडकी—उजळली.

“कुणीतरी घरी आहे,” तो हळूच म्हणाला.

तिने इतके दिवस जवळ ठेवलेला पेचकस त्याच्या हातात आदळला. बोटे मात्र लगेच सोडवली नाहीत.

“उद्या हा दिवा बदलला, तर याद राखा.”

“नाही बदलणार. पण मग तुम्ही खाली कशाला याल?”

“मीच का यायचं दर वेळी?” ती अजूनही रागातच होती. “जिना वरही जातो. चढून या!”