तेरा नंबरच्या खोलीतल्या बाई

"जिन्यात एकच काडी!" भोंगा वरून ओरडला.

"हळू! लोक झोपलेत," वकील खालून म्हणाली. "नक्की एक? की दीड?"

"काडी अर्धी नसते गं!"

वकील तेरा वर्षांची. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची, म्हणून घरात सगळे तिला वकील म्हणत. भोंगा तिचा धाकटा भाऊ. त्याला भोंगा का म्हणतात ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जात होतं. सुट्टीसाठी दोघं मामाच्या हॉटेलात आली होती. बारा खोल्या, तीन मजले, खाली काउंटर आणि त्याला लागून कॉफीचं दुकान. मामी जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून चादरींपासून नळांपर्यंत सगळं मामाच बघत होता. मामाचा मुलगा मुळातच कमी बोलायचा, म्हणून त्याचं नाव घुम्या. आता तर तो दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी पुष्कळ.

बुधवारी सकाळी मामाने तिघांना कामाला लावलं होतं. वायफाय मध्येच तुटतं अशी लोकांची कुरकुर होती. कुठे किती काड्या दिसतात ते टॅबवर बघायचं आणि कागदावर नकाशा काढून मांडायचं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कागद भरला. घुम्याने टॅबवर काहीतरी दाबलं आणि तो वकिलीकडे न बघताच म्हणाला, "हे बघ."

टॅबवर 'रिसेप्शन' नावाचं फोल्डर दिसत होतं. भोंग्याने त्यावर बोट ठेवलं. फोल्डर उघडलं! आत पाहुण्यांची यादी. नाव, खोली, फोन नंबर, कधी आले, कधी जाणार.

"हे तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधलं आहे," वकील म्हणाली. "आपल्याला कसं दिसतंय?"

"प्रिंटर बसवला तेव्हा बाबा म्हणाले, सगळीकडून प्रिंट निघाली पाहिजे. त्या माणसाने सगळंच उघडं ठेवलं," घुम्या म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

तेवढ्यात खालून मोठा आवाज आला. तिघं जिन्यात धावली.

काउंटरपाशी पाच नंबरच्या खोलीतल्या बाई उभ्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि आवाज अजून वर्गातलाच होता. "तुमच्या हॉटेलातून बोलतोय म्हणाला! माझं नाव माहीत, खोली माहीत, मी रविवारी जाणार तेही माहीत! कार्डाचा नंबर परत सांगा म्हणाला आणि मी सांगितला! बँकेने वेळेवर अडवलं म्हणून वाचले!"

"या महिन्यातली ही तिसरी तक्रार," मामा हळू आवाजात म्हणाला. मग तो काउंटरमागच्या ताईकडे वळला. ताई सहा वर्षं तिथे काम करत होती. तिला सगळं काम मामीनेच शिकवलं होतं. "यादी फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे असते. मी तर कुणाला दिली नाही."

"साहेब, मीपण नाही दिली."

"मग कशी गेली?"

ताई समोरची यादी पुन्हा चाळायला लागली.

"उद्या तुझी सुट्टी आहे. परवा ये आणि हिशेब समजावून दे. शनिवारपासून येऊ नकोस."

ताईने मान खाली घातली आणि पेनं एका डब्यात नीट भरून ठेवायला लागली. भोंगा तोंड उघडणार तोच वकिलीने त्याचा कान धरून त्याला मागे ओढलं.

"सोड ना! मामाला फोल्डरचं सांगूया!"

"सांगितलं की मामा म्हणेल, असेल उघडं, पण ताईनेही दिली नसेल कशावरून? पुरावा हवा."

"झालं हिचं कोर्ट सुरू!"

घुम्या जिन्याच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "खोटा पाहुणा."

"म्हणजे?"

"यादीत एक खोटं नाव घालायचं. ताईला आणि बाबांना माहीत नसलेलं. त्या नंबरवर फोन आला, तर चोर यादीच बघतो."

वकिलीने त्याच्या पाठीत जोरात थाप मारली. "अरे, तू इतके दिवस कुठे होतास!"

"इथेच," घुम्या म्हणाला.

गुरुवारी सकाळी ताई घरी होती. मामा धोब्याशी उशांच्या अभ्र्यांवरून वाद घालत होता. तिसऱ्या मजल्यावर बसून तिघांनी टॅबवरूनच यादीत एक ओळ वाढवली. पाहुण्या बाई, एकट्या, शनिवारी जाणार, खोली तेरा.

"हॉटेलात बाराच खोल्या आहेत!" भोंगा म्हणाला.

"म्हणूनच तेरा! इथे काम करणारा माणूस तेरा नंबरला फोन करेल का?" वकील म्हणाली. "पण फोन नंबर कुणाचा द्यायचा? आपल्याकडे तर फोनच नाही."

घुम्या उठून गेला आणि हातरुमालात गुंडाळलेला एक जुना फोन घेऊन आला.

"आईचा. बाबा अजून रिचार्ज करतात. मी चार्जिंग करतो."

भोंगा चक्क हळू आवाजात म्हणाला, "नंबर सांग, मी टाइप करतो."

दुपारी साडेतीनला मामा काउंटरवर एकटा होता. मुलं बाजूच्या सोफ्यावर पत्ते खेळत होती, निदान तसं दाखवत होती. फोन घुम्याच्या मांडीवर होता. तो वाजला आणि मामा खुर्चीतून ताडकन उठून सोफ्यापाशी आला. मामीच्या फोनची रिंग त्याने दीड वर्षात ऐकली नव्हती.

"हा... हा का वाजतोय?"

"घे ना मामा!" वकील म्हणाली. "स्पीकरवर घे, पण बोलू नकोस!"

मामाने बटण दाबलं.

"नमस्कार, हॉटेलच्या काउंटरवरून बोलतोय. तेरा नंबरच्या खोलीतल्या बाई ना? तुमच्या कार्डाची नोंद अर्धवट राहिलीय. फक्त एक मिनिटाचं काम आहे."

मामाने काउंटरकडे बघितलं. काउंटरवर कुणीच नव्हतं, कारण तिथला माणूस फोन हातात धरून इथे उभा होता. त्याने फोन बंद केला.

"तेरा नंबर?" तो म्हणाला.

मग वकिलीने सगळं सांगितलं. टॅबवर फोल्डर उघडून दाखवलं. "ताई आज घरी आहे. तिला या ओळीची कल्पनाच नाही. आपल्या वायफायवर असलेला कुणीही ही यादी वाचू शकतो, मामा. आणि पासवर्ड तर भिंतीवरच आहे!"

काउंटरमागे एक चौकट टांगलेली होती. आत मामीच्या गोल अक्षरातला कागद: 'वायफाय: आरामकरा१२३'. मामी गेल्यापासून तोच पासवर्ड होता. एकदा राहून गेलेला माणूस रस्त्यावर उभा राहूनही जोडला जाऊ शकत होता.

"पासवर्ड बदलायला हवा," वकील म्हणाली.

"फोल्डर बंद करू. पासवर्ड राहू दे. तो तिने ठेवलाय," मामा म्हणाला.

घुम्या उठला, स्टुलावर चढला, चौकट काढली आणि मागचा पुठ्ठा उघडला. मामीचा कागद जाड लागत होता. घुम्याने नखाने त्याचा कोपरा उचलला. खाली दुसरा कागद होता. 'निवांतझोपा४५'. त्याखाली तिसरा. 'पंखाबंदकरा७'.

"आई दर दोन महिन्यांनी बदलायची," तो म्हणाला. "जुन्यावर नवा चिकटवायची. मीच डिंक लावून द्यायचो. बाबा, तुम्ही तेव्हा वर नळ बघत असायचात."

मामा एकेक कागद उलटून बघत राहिला. नऊ होते. मग त्याने फोन उचलला आणि पहिला फोन ताईला केला. "चूक माझी झाली," एवढंच मुलांना ऐकू आलं, आणि नंतर, "शनिवारचं विसर. रोज ये."

शुक्रवारी सकाळी ताई आली. अकरा वाजता मामाने फोल्डर बंद केलं, पासवर्ड बदलला आणि प्रत्येक खोलीत नवी चिठ्ठी पाठवली. मुलं सोफ्यावर बसली. शिक्षिका बाई शेजारीच पेपर वाचत होत्या.

वीस मिनिटांनी कॉफीच्या दुकानातून टोपी घातलेला एक माणूस लॅपटॉप बगलेत धरून काउंटरपाशी आला. गेले तीन महिने तो रोज खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा.

"वायफाय बंद पडलं का? नवा पासवर्ड द्या जरा. फक्त एक मिनिटाचं काम आहे."

मामाची मान झटकन वर झाली. शिक्षिका बाईंच्या हातातला पेपर खाली आला.

"कुठली खोली, सर?" ताईने शांतपणे विचारलं.

"सात."

"सातमध्ये आजी-आजोबा राहतात," ताई म्हणाली.

"म्हणजे... मी मागे राहिलो होतो इथे."

घुम्याने कुणाला न सांगता मामीचा फोन काढला आणि कालच्या नंबरवर परत फोन लावला. टोपीवाल्याच्या खिशात फोन वाजायला लागला!

"चोर! चोर! चोर!" भोंगा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही. टोपीवाला दाराकडे वळला, पण दारात कालचा धोबी अभ्र्यांचं गाठोडं घेऊन उभा होता. त्याने वाट दिली नाही.

पोलीस आले. त्याच्या लॅपटॉपमध्ये तीन महिन्यांच्या याद्या निघाल्या. तो दोन वर्षांपूर्वी एकच दिवस राहून गेला होता. मामीने तेव्हा पासवर्ड बदलला आणि त्याची वाट बंद झाली. तीन महिन्यांपूर्वी तो कॉफी प्यायला आला, काउंटरमागची चौकट बघून पासवर्ड टाइप केला आणि यादी त्याच्यापुढे उघडली. पुढे तो पासवर्ड कुणी बदललाच नाही.

"सापळा कुणाच्या डोक्यातला?" पोलीस अधिकाऱ्यांनी विचारलं.

वकिलीने घुम्याकडे बोट दाखवलं.

"आणि पुरावा गोळा करायचा हट्ट हिचा," ताई म्हणाली.

"माझ्या वर्गात असतात तर तिघांनाही पहिल्या बाकावर बसवलं असतं," शिक्षिका बाई म्हणाल्या. "ह्याला मात्र थोडं लांब."

"का?" भोंग्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजाने काउंटरवरची घंटा किणकिणली.

सोमवारी वायफायची जोडणी करणारा माणूस आला. मुलांच्या नकाशाप्रमाणे जिन्यात एक नवी पेटी बसली. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत आता वायफाय तुटत नव्हतं. ऑफिसचं वायफाय वेगळं झालं. प्रत्येक पाहुण्याला स्वतःचा कोड मिळू लागला, आणि खोली सोडली की तो आपोआप बंद.

"आता चौकटीची गरज नाही," तो माणूस म्हणाला.

"आहे," मामा म्हणाला. त्याने एक कोरा कागद आणि पेन घुम्यापुढे ठेवलं. घुम्याने सावकाश लिहिलं: 'वायफायसाठी काउंटरवर ताईंना विचारा.' मग त्याने कागद उलटा केला आणि हात पुढे केला.

यावेळी डिंक मामाने लावून दिला.