राहिलेलं बारसं

पार्वताबाई अकोल्याहून लेकीला आणायला निघाली तेव्हा फाल्गुन सरत आला होता. काम साधंच. वच्छला आठव्या महिन्यात होती, तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं. बैलांची दमणी शेजारच्या नत्थुजीची, हाकणारा तोच, आणि वाटेत खायला भाकरी, कांदा अन् तिळाची चटणी. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. तिलाही तसंच वाटलं होतं.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचं मोल आलं होतं. कालपर्यंत ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती ते बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधून अमरावतीच्या बाजारात मिरवत होते. पार्वताबाईचा जावई जानराव त्यातलाच एक. माणूस कष्टाळू, पण भाव चढला तशी नियत उतरली. कापसाच्या गठ्ठ्यांवर पाणी मारायचा, रुईत माती मिसळायचा, आणि वर सगळेच करतात म्हणून हसायचा. शेजारी जळत होते. वच्छलाची दोन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली. गाव म्हणालं, दृष्ट लागली. पार्वताबाईचं म्हणणं वेगळं होतं. जगात वाईट फार साचलंय, आणि त्याला जिथं मऊ सापडतं तिथं ते आधी दात लावतं, असं तिला वाटायचं.

ती सुईण होती. मोर्णेच्या दोन्ही काठांची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिला एकाच गोष्टीचा गर्व होता. बाळंतिणीच्या खोलीत ती कधी खोटं बोलली नव्हती. मूल मेलेलं जन्मलं तर मेलेलं म्हणून सांगायची आणि मग त्या बाईला कुशीत घेऊन बसायची. नाळ कापणारी बाई खोटं बोलली तर तिचा हात विटतो, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं.

लेकीला घेऊन परत येताना मूर्तिजापूर मागं पडलं आणि ऊन डोक्यावर आलं. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची रानं दोन्ही अंगांना पसरली होती. काट्याकुपाट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस लटकला होता, तो वारा नसतानाही हलत होता. बैलांच्या चालीनं वच्छलाचा डोळा लागला. पार्वताबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. सहज म्हणाली,

"नत्थुजी, असं एखांदं गाव असन का, जिथं वाईट म्हनून काई नाईच?"

नत्थुजी म्हातारा, मिश्कील. त्यानं बैलाच्या पाठीवरची माशी उडवली.

"असन बी. पन तिथं चांगलं कोन्तं, हे कसं वळखता माय?"

पार्वताबाईला राग आला. ज्याची नातवंडं गेली नाहीत त्यानं असं बोलावं, असं तिच्या मनात आलं.

थोड्या वेळानं वच्छला कण्हत जागी झाली. कळा सुरू झाल्या होत्या, महिनाभर आधीच. पार्वताबाईनं पोट चाचपलं; मूल खाली सरकलं होतं. अकोला अजून दिवसभराच्या वाटेवर होतं. नत्थुजीनं कपाळावर हात धरून इकडंतिकडं पाहिलं. या रस्त्यानं तो चाळीस वर्षं गाडी हाकत होता. आंब्याच्या दोन झाडांमधून आत जाणारी चाकोरी त्यानं आधी कधी पाहिली नव्हती. बैल मात्र आपणहून वळले.

गाव लहान होतं, फार नीटनेटकं. अंगणं सारवलेली, भिंती पांढऱ्या. दमणी आत शिरली तरी एकही कुत्रं भुंकलं नाही. ओसरीवर पडलेली कुत्री मान उचलून बघत होती आणि पुन्हा मान टाकत होती. घरांची दारं उघडी होती आणि एकाही दाराला कडी नव्हती, आतून नाही की बाहेरून. खिळे ठोकल्याच्या खुणाही नव्हत्या.

बाया बाहेर आल्या. कोण, कुठल्या, कोणाच्या, असं त्यांनी काहीच विचारलं नाही. वच्छलाला हलक्या हातांनी उतरवलं, एका थंड खोलीत निजवलं, पाणी तापत ठेवलं. त्यातली एक वयस्क होती, पांढऱ्या लुगड्यातली. तिचा चेहरा इतका शांत होता की वय नेमकं किती ते कळत नव्हतं. नत्थुजीनं हात जोडले, मोठे उपकार झाले म्हणाला. त्या बाईनं त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं.

"उपकार मंजे काय असते, बावा?"

नत्थुजी जोडलेले हात खाली घेऊन बैल सोडायला गेला.

पार्वताबाईला त्या गावानं भुरळ घातली, हे खरं आहे. खोलीत बाळंतिणीच्या धुरीचा नाही, जुन्या पावसासारखा गार वास होता. आवाज असे यायचे की जणू सगळं गाव कापसात गुंडाळून ठेवलंय. तिचा जीव निवांत झाला. तरी हाताला सवय होती म्हणून तिनं दाराशी लावायला कडुनिंबाची डहाळी तोडली आणि एक पान चावून पाहिलं. पान कडू नव्हतं. त्याला चवच नव्हती, ओलं फडकं चावल्यासारखं लागलं.

मग तिनं गाठोड्यातलं मीठ अन् आपल्या घरच्या लाल मिरच्या काढल्या, लेकीवरून तीनदा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळाल्या, धूरही झाला. कोणालाही ठसका आला नाही. आता हे तुम्हालाही ठाऊक असेल. मिरची जळूनही ठसका येत नाही तेव्हा दृष्ट लागलेली असते, आणि जबर लागलेली असते. पार्वताबाईनं दचकून भोवताली पाहिलं. साऱ्या बाया तिच्याकडं बघून सारख्याच मायेनं हसत होत्या.

मूल सुखरूप झालं. मुलगी. बाळसेदार, आठव्या महिन्याची वाटू नये अशी. पण ती रडली नाही. पार्वताबाईनं तिला उलटं धरलं, पाठीवर थापटलं. मुलीनं डोळे उघडले, आजीकडं पाहिलं आणि हसली. जन्मून चार श्वास झाले नव्हते आणि ती त्या बायांसारखीच हसली. 

"रडत काहून नाई हे?" तिनं विचारलं.

"इथं कोनीच रडत नाई," वयस्क बाई म्हणाली. "इथं लेकरू मरत नाई. राहू द्या इथंच."

लेकरू मरत नाही. दोन नातवंडं आपल्या हातांनी मातीत ठेवून आलेल्या बाईला हे ऐकून काय झालं असेल, ते मी सांगायला नको. तिला राहावंसं वाटलं. क्षणभर नाही, चांगला बराच वेळ वाटलं. मुलीला तिनं वच्छलाच्या कुशीत ठेवलं. वच्छलानं तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं, मग दाराकडं. तिन्हीकडं एकाच नजरेनं.

"वच्छे, तुई लेक हाये हे. घे नं जवळ."

"सगळ्याईचीच हाये, माय," वच्छला गोड आवाजात म्हणाली. तिचा हात लेकराच्या अंगावरून घसरून बाजूला पडला आणि तसाच पडून राहिला.

हीच वच्छला पहिल्या दोन्ही वेळी मेलेलं लेकरू सोडायला तयार नव्हती. तिघींनी मिळून तिचे हात सोडवले होते. आज भीती गेली आणि भीतीबरोबर तिची मायाही गेली होती. नत्थुजीचं बोलणं पार्वताबाईला तेव्हा आठवलं. तिला त्याचा राग आला नाही. ती उठली आणि काजळ शोधू लागली. लेकराला तीट लावायची, एवढंच तिला सुचत होतं. पण त्या घरातल्या दिव्यावर काजळी नव्हती. चुलीवरच्या भांड्यांची बुडं नव्यासारखी लखलखत होती. शेजारच्या दोन घरांत बघितलं, तिथंही तेच. साऱ्या गावात काळं असं बोटभर काही नव्हतं.

ती दमणीकडं धावली. गाडीखाली बांबूच्या नळ्यात आसाला लावायचं वंगण लटकत असतं, तेल अन् काजळीचं, काळंकुट्ट. तिनं त्यात बोट बुडवलं, आत येऊन मुलीच्या गालावर टेकवलं.

मुलगी रडली. अशी रडली की ओसरीवरची कुत्री उठून उभी राहिली. चुलीतल्या मिरच्यांचा धूर एकदम नाकातोंडात गेला आणि पार्वताबाईला खोकल्याची उबळ आली. वच्छलानं किंचाळून लेकराला छातीशी ओढलं.

"माय, चाल इथून. चाल लवकर…"

दमणी जुंपली तेव्हा सारं गाव तिच्याभोवती जमलं होतं. कोणी रागावलेलं नव्हतं. फक्त चाकांवर हात ठेवून, बैलांच्या मानेवर हात ठेवून सगळे उभे होते, आणि बैल पाऊल उचलत नव्हते. नत्थुजी पुटपुटत देवाचं नाव घेत होता. वयस्क बाई पुढं आली.

"लेकराले दुखून राहिलं, बाई. आमच्यापाशी ठेवा. तिकडं मरते ते."

ते खोटं नव्हतं. तिकडं मरतात, हे पार्वताबाईइतकं कोणाला ठाऊक होतं? तिनं वच्छलाच्या हातांकडं पाहिलं. लेकराभोवती ते इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली होती. पार्वताबाईनं त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगितलं,

"बाराव्या दिवशी घेऊन येईन. बारसं इथंच करू."

सगळे हात एकदम बाजूला झाले. त्या बाईचा चेहरा उजळला. आम्ही पाळणा बांधून ठेवतो, ती म्हणाली, आणि गाव वाट मोकळी करून उभं राहिलं. शंका घ्यायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. आंब्यापर्यंत पार्वताबाईनं मागं वळून पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती लेकराच्या बाबतीत खोटं बोलली होती, आणि ते अशा माणसांशी बोलली होती ज्यांना फसवायला काहीच लागत नव्हतं. अकोल्याला पोचेस्तोवर ती रडत होती.

बारसं अकोल्यात झालं. नाव ठेवलं शालू. पोरगी जगली. पुढं तिकडची लढाई संपली, कापूस कोसळला, जानरावानं घुंगरू विकले आणि माणसात आला. शालू दर उन्हाळ्यात आजोळी यायची. तशी वांड पोरगी. गूळ चोरायची, मांजरावर नाव ढकलायची, आणि पकडली गेली की आजीच्याच गळ्यात पडायची. तिच्या प्रत्येक थापेवर पार्वताबाई मनातून खूश व्हायची. रोज सकाळी तीट लावताना ती तिला गोष्ट सांगायची. रडणं ठाऊक नसलेल्या गावाची, आणि आजीनं त्या गावाला कसं फसवलं त्याची. तिनं एवढं सांगायला नको होतं.

शालू पाच वर्षांची झाली त्या वर्षी ती पाडव्याला आजोळी होती. भर दुपार. जेवणं आटोपून आळी निजलेली. शालू उंबऱ्यावर एकटी बसून कडुनिंबाच्या डहाळीशी खेळत होती. गुढीची डहाळी तर वर काठीलाच होती.

"कोनं देल्ली हे?" पार्वताबाईनं विचारलं.

"त्या बाईनं. पांढऱ्या लुगड्यातल्या. दर साली येते ते."

पार्वताबाई हळूच तिच्याजवळ बसली. 

"अन् काय म्हनते?"

"पाळना बांधला म्हनते. बारसं कवा हाये, पुसते. मी पयले बोलतच नव्हती. आज सांगतलं."

"काय सांगतलं, शालू?"

"का आजीनं खोटं सांगतलं होतं." पोरगी डहाळीची पानं ओरबाडत होती. "मंग ते म्हने, खोटं मंजे काय? मंग मी समजावून देल्लं."

"समजलं तिले?"

"हो. लवकर समजलं. पयले रडली. मंग हासली. अन् आपल्या दाराकडं पाहून म्हने, हे काय हाये? मी म्हटलं, कडी."

पार्वताबाईनं तिच्या हातातलं एक पान घेऊन तोंडात घातलं. जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. इतका कडू निंब तिनं उभ्या जन्मात चाखला नव्हता. आणि मग, दूर मोर्णेच्या पलीकडून, लेकरं रडल्याचा आवाज आला. एकदोन नाही, गावभरची लेकरं, सगळी एकदम, पहिल्यांदाच रडावीत तशी. तिला त्यांची दया आली. खरंच आली. आता त्या गावात कोणीतरी कोणाला छातीशी धरत असेल, असं तिच्या मनात आलं.

तिनं शालूला उचलून आत घेतलं, दार लोटलं, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. रडण्याचा आवाज थांबला होता. बाहेर ऊन होतं, पाऊल वाजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही. तेवढ्यात पाठीमागं, दाराच्या बाहेरच्या अंगाला, लोखंड हललं. बाहेरची कडी कोणीतरी चाचपत होतं, नवशिक्या हातानं. एकदा ती कोयंड्यावरून घसरली. दुसऱ्या वेळी बसली.