आठ दिवसांचं पाणी

“मॅडम, आमच्या नळानं काही गुन्हा केलाय का?”

वेदश्रीनं मान वर केली नाही. फाटकाजवळच्या नळाचं पाणी तिनं काचेच्या नळीत घेतलं, त्यात एक गोळी टाकली आणि नळी उन्हात धरली. पाणी हळूहळू गुलाबी झालं.

“निर्दोष सुटला,” ती म्हणाली. “क्लोरीन हवं तेवढं आहे. बिनधास्त प्या.”

मग तिनं वर, विचारणाऱ्याकडे पाहिलं, आणि… केलगेरीच्या त्या गल्लीतली पुढची घरं तिला नंतर नीटशी आठवलीच नाहीत.

त्याचं नाव प्रभंजन. गोकुळ रोडला त्याचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं, घरी तो आणि आई. वेदश्री पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. गल्लीत चोवीस तास पाणी नुकतंच सुरू झालं होतं. इतकी वर्षं नळ आठ दिवसांनी एकदा यायचा, आणि त्या दिवशी गल्लीतलं कुणी गावाला जात नसे. आता माणसं उगाचच नळ सोडून बघत उभी राहायची. घरोघरची पिंपं भंगारात निघाली होती.

दर बुधवारी गल्लीतून एक नमुना घ्यायचा नियम होता. घर कुठलंही चालायचं. वेदश्रीला मात्र तेच चालायचं.

“बर्री, या, बसा की,” तिसऱ्या बुधवारी त्याची आई विमलाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

बाहेरच्या खोलीत भिंतीएवढी लांब काचेची टाकी होती. तिच्यात सात गोल्डफिश, संथ, जाड, तळहाताएवढे. सर्वांत मोठा पांढराशुभ्र होता.

“हा अज्जा, म्हणजे आजोबा,” प्रभंजन म्हणाला. “आणला तेव्हा केशरी होता. बारा वर्षांत पिकला.”

“बारा?”

“अप्पा गेले त्या महिन्यात आणले. घरात काहीतरी हलतं हवं होतं हो… आई दिवसभर एका जागी बसून असायची.”

अज्जा काचेपाशी आला आणि वेदश्रीच्या बोटासमोर तोंड उघडमीट करू लागला.

“काय म्हणतोय?”

“विचारतोय, मॅडम बुधवारीच का येतात? बाकीचे वार काय ओस पडलेत?”

“त्याला म्हणावं, काच आधी धू. इतक्या गढूळ पाण्यातून तुला मी दिसते तरी का?”

“तो नाही बघत. मी बघतो,” प्रभंजन म्हणाला, आणि स्वतःच गडबडून टाकीचं झाकण पुसू लागला. “येत्या रविवारी धुतोच. आता काय, थेट नळाला पाइप! इतकी वर्षं पिंपातलं पाणी मग्यानं उपसून घालत आलो. दर आठवड्याला जेमतेम चार बादल्या. तुम्ही पण या रविवारी. जेवायलाच.”

वेदश्री हो म्हणाली. ती त्याच्या बोटाकडे बघत होती. लेथवर कापलेलं, वर मळकी चिंधी बांधलेलं.

रविवारी साडेनऊला ती पोचली तेव्हा फाटक उघडंच होतं. आतून गोडाच्या शिऱ्याचा वास येत होता, थोडा करपलेला. विमलाबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर टॉवेल. टॉवेलवर तीन मासे ओळीनं ठेवलेले.

“सकाळी सहाला धुतली,” प्रभंजन म्हणाला. त्याच्या बाह्या खांद्यापर्यंत ओल्या होत्या. “सगळी उपसली. दगड, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली खळाखळा धुतलं. किती स्वच्छ दिसत होती हो… मग हे एकेक वर येऊन तोंड वासायला लागले. मी अजून पाणी बदललं. चांगलं ताजं सोडलं.”

टाकी खरोखरच आरशासारखी होती. आणखी तिघे पोट वर करून तरंगत होते. अज्जा तेवढा कोपऱ्यात तिरपा होऊन तोंड हलवत होता. त्याच्या कल्ल्यांच्या कडा लाल झाल्या होत्या.

वेदश्रीला सगळं एकदम कळलं. पिंपात आठ दिवस राहून पाण्यातलं क्लोरीन आपोआप उडून जायचं. बारा वर्षं या घरात कुणाला पाणी असं शिळं करून घालायची गरज कळली नव्हती, कारण तसं पाणी सोडून दुसरं पाणीच नव्हतं. माणसाला राखणारं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. हे तिला एकोणिसाव्या वर्षापासून माहीत होतं.

तिनं खांद्यावरची कामाची पिशवी उलटी केली. नमुन्याच्या बाटल्यांत क्लोरीन मारायला हायपो घालतात, त्याची डबी खाली पडली. पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. तिनं चिमूटभर टाकीत टाकले आणि हातानं पाणी ढवळलं.

“औषध आहे?” त्यानं विचारलं. “वाचेल?”

“माहीत नाही.”

“ही डबी… आज आणलीत?”

ती म्हणू शकली असती, हो. म्हणू शकली असती की रोग असेल, पाण्याचं काही सांगता येत नाही. त्यानं विश्वास ठेवला असता. बुधवार चालू राहिले असते.

“पहिल्या दिवसापासून पिशवीत आहे,” ती म्हणाली.

दोघं टाकीशी बसून राहिले. शिरा कुणी खाल्ला नाही. बारा वाजता अज्जा थोडा सरळ झाला. विमलाबाई उठून काचेपाशी आल्या, हळूच म्हणाल्या, “अज्जा, इल्ली नोडु, इकडे बघ रे.” पावणेदोनला तो तळाशी गेला आणि पुन्हा वर आला तो एका कुशीवर.

परसात पेरूच्या झाडाखाली प्रभंजननं खड्डा खणला. वेदश्रीनं टॉवेल धरला होता. सात माशांचं वजन इतकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“पाणी चांगलं आहे म्हणालात तुम्ही,” तो खड्ड्याकडे बघत म्हणाला.

“माणसांना चांगलं होतं. माशांना नव्हतं. मला माहीत होतं.”

“टाकी बघितली होती तुम्ही.”

“हो.”

“पाइप लावणार म्हणालो, तेही ऐकलंत?”

“ऐकलं. पण लक्ष नव्हतं माझं.”

“कुठं होतं मग?” आवाज पहिल्यांदाच चढला. “एक शब्द बोलायचा होता, मॅडम! कुठं होतं लक्ष?”

“तुमच्या बोटावर. कापलं होतं. मळकी चिंधी होती. औषध लावलंय की नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय की नाही… घरी जाईपर्यंत डोक्यात तेवढंच होतं. एका बोटाचा विचार केला मी. सात जीवांचा करायला हवा होता.”

प्रभंजननं माती लोटायला उचललेला हात तसाच राहिला. त्यानं आपल्या बोटाकडे पाहिलं. चिंधी सकाळीच पाण्यात गळून गेली होती. जखमेची लाल रेघ तेवढी होती.

मग त्यानं माती लोटली, पायानं दाबली नाही, हातानं थोपटली.

वेदश्री फाटकापर्यंत एकटीच आली. चप्पल घालताना मागं खडखड झाली. प्रभंजन परसातून निळं पिंप आडवं ढकलत आणत होता. भंगारात द्यायचं राहून गेलेलं. त्यानं ते नळाखाली उभं केलं आणि नळ सोडला. रिकाम्या पिंपात पाण्याचा आवाज फार मोठा वाटला.

“आठ दिवसांनी या,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “टाकीत भरण्याआधी तपासायला.”

वेदश्रीला चुकीचं काही तसंच सोडून जाता येईना. आज तर नाहीच.

“क्लोरीन जायला आठ दिवस लागत नाहीत,” ती म्हणाली. “दोन दिवस पुरतात.”

“पाण्याला पुरत असतील,” तो म्हणाला. “मला आठ लागतील.”